दवाखान्यात काम करायचंय? त्याआधी कोणते विषय शिकावे लागतात

बारावीचा आणि नीटचा निकाल लागला की आमच्या ओपीडीत नेहमीच्या तक्रारींबरोबर आणखी एक प्रश्न येतो. रक्तदाब मोजून होतो, गोळ्या लिहून होतात, चिठ्ठी हातात पडते, तरी काका खुर्चीवरून उठत नाहीत. मग हळूच विचारतात, "डॉक्टर, पोरीला नीटला मार्क कमी पडल्यात. बीएस्सी केली तर दवाखान्याच्या लाइनीत जाता येतंय काय?"

प्रश्न साधा वाटतो, पण घराचे पुष्कळ काही त्यावर अवलंबून असते. कोणी शेतीवर कर्ज काढून परदेशी पाठवायच्या बेतात असते. कोणी गल्लीतल्या एखाद्या 'पॅरामेडिकल इन्स्टिट्यूट'मध्ये पहिला हप्ता भरून आलेले असते. कुठे मुलगी तिसऱ्यांदा नीटला बसायची तयारी करत असते आणि तिची झोप उडालेली असते. ओपीडीतल्या पाच मिनिटांत याचे पुरे उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख.

थोडक्यात

• आरोग्यसेवेतले काही मार्ग बारावीनंतर थेट सुरू होतात, तर काही बीएस्सी किंवा इतर पदवीनंतर उघडतात.
• जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित-संख्याशास्त्र आणि भाषा हे पायाचे विषय आहेत. पुढचे सगळे शिक्षण त्यावर उभे राहते.
• अकरावीत किंवा पदवीत सोडलेला विषय पुढे एखादा दरवाजा बंद करू शकतो.
• फी भरण्याआधी एक गोष्ट तपासाच: हा अभ्यासक्रम पुरा केल्यावर नोंदणी कोणत्या परिषदेत होणार?

पायाचे विषय आले कुठून?

कोल्हापूरकरांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि त्यांच्याकडे कोणतीही महाविद्यालयीन पदवी नव्हती. मार्च १८८६ मध्ये त्या एमडी झाल्या. त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानाने त्यांची आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाची प्रमुख म्हणून नेमणूक केली. तेच रुग्णालय आज आपण सीपीआर म्हणून ओळखतो. दुर्दैवाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना २२ वे वर्षही पुरे झाले नव्हते.

त्या काळी विज्ञानाची पदवी नसताना वैद्यकीय शिक्षण सुरू करता येत असे. पुढे वैद्यकशास्त्र प्रयोगशाळेच्या आधाराने वाढले. जंतू, रक्तातली रसायने, क्ष-किरण यांची माहिती झाली आणि हे समजायला आधी विज्ञान पक्के हवे हे लक्षात आले. अमेरिकेत १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी वैद्यकीय महाविद्यालयांची पाहणी करून अहवाल दिला. वैद्यकीय शिक्षणाआधी किमान दोन वर्षे कॉलेजात जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र शिकलेले असावे, असा त्यांचा आग्रह होता. अमेरिकेत आज डॉक्टर होण्याआधी चार वर्षांची पदवी घेतात, त्यामागे हाच विचार आहे.

आपल्याकडे हा पाया अकरावी-बारावीत घातला जातो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या गटाला आपण पीसीबी म्हणतो. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जैवरसायनशास्त्र शिकवतात, तेव्हा बारावीचे हे विषय येतात असे धरूनच पुढे जातात. बारावीत रसायनशास्त्र नुसते पाठ करून पुढे गेलेला विद्यार्थी इथेच अडखळतो.

हे विषय रुग्णाच्या खाटेपाशी कसे पोचतात?

"भौतिकशास्त्र शिकून दवाखान्यात काय उपयोग?" असे मुले विचारतात. पालकांनाही तसेच वाटते. पुढची उदाहरणे वाचा. यातले एखादे तुमच्या घरीही घडले असेल.

*सलाइनचे थेंब.* ५०० मिलीची बाटली आठ तासांत द्यायची आहे. साध्या संचात १ मिलीचे २० थेंब होतात. म्हणजे एकूण १०,००० थेंब ४८० मिनिटांत, मिनिटाला साधारण २१. हे गणित परिचारिका रोज करते. लहान मुलांच्या मायक्रोड्रिप संचात मात्र १ मिलीचे ६० थेंब होतात. संच कोणता हे न पाहता थेंब मोजले, तर मोठ्या माणसाला गरजेच्या एक तृतीयांशच सलाइन मिळते. उलट चूक झाली तर तान्ह्या बाळाला तिप्पट जाते, आणि ते जिवावर बेतू शकते. यात लागते ते शाळेतले गणितच, फक्त ते रात्री तीन वाजताही चुकता कामा नये.

*पोटॅशियमचा अहवाल.* रुग्ण ठणठणीत आहे आणि अहवालात पोटॅशियम मात्र ६.८. घरचे घाबरतात. जाणकार तंत्रज्ञ आधी नमुना पाहतो. रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम भरपूर असते. रक्त काढताना त्या फुटल्या, किंवा लांबच्या गावाहून नमुना यायला फार वेळ लागला, तर आतले पोटॅशियम बाहेर झिरपते आणि आकडा खोटा वाढतो. तंत्रज्ञ म्हणतो, "पुन्हा रक्त घेऊ या." पेशीच्या आत काय असते हे शिकलेला माणूसच हे म्हणू शकतो. आणि आकडा खरा असेल तर तोच माणूस क्षणाचाही उशीर न करता डॉक्टरांना फोन करतो.

*काठी कोणत्या हातात?* उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरायची असते. बहुतेक लोक नेमके उलटे करतात. चालताना एका पायावर भार आला की खुब्याच्या बाजूचे स्नायू कंबर तोलून धरतात आणि सांध्यावर मोठा दाब येतो. विरुद्ध हातातली काठी खुब्यापासून लांब टेकते, त्यामुळे थोड्याशा जोरातच तो दाब बराच कमी होतो. ही तर शाळेत शिकलेली तरफच. भौतिकोपचार तज्ज्ञ हेच शिकून आलेले असतात.

*मूत्रपिंडाच्या रुग्णाचे ताट.* आजारी माणसाला शहाळे देणे ही आपली माया. पण मूत्रपिंड निकामी होत आलेल्या रुग्णाला शहाळ्यातले पोटॅशियम घातक ठरू शकते. आहारतज्ज्ञ भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायला सांगतात, कारण पोटॅशियम पाण्यात उतरते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातले मीठ किती, भाकरी किती, हे रुग्णाच्या अहवालाशी ताडून सांगायला रसायनशास्त्र लागते, आणि आपल्या स्वयंपाकघराची ओळखही लागते.

*साखरेचे आकडे.* काल ११८, आज १२६. "साखर वाढली का?" घरच्या ग्लुकोमीटरच्या आकड्यात १०० च्या वर साधारण १५ टक्क्यांपर्यंतचा फरक जागतिक मानकानुसार चालतो. म्हणून एवढ्या फरकावरून गोळी बदलत नाहीत. कोणता फरक खरा आणि कोणता मापनातला, हे ओळखायला संख्याशास्त्र शिकवते.

या पाचही प्रसंगांत रुग्णाला सांभाळणारे बहुतेक लोक एमबीबीएस नाहीत. परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, भौतिकोपचार तज्ज्ञ, आहारतज्ज्ञ. मुलांना सांगताना हे आवर्जून सांगा.

बारावीनंतर थेट सुरू होणारे मार्ग

१. *एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, बीयूएमएस.* हे सगळे नीटमधून. परीक्षेत १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न. म्हणजे निम्मे गुण जीवशास्त्राचे. एमबीबीएस साडेचार वर्षे, त्यानंतर एक वर्ष आंतरवासिता. कोल्हापुरात सीपीआरशी जोडलेले राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय अशी दोन ठिकाणे आहेत.

२. *भौतिकोपचार, व्यवसायोपचार, श्रवण-वाचा उपचार.* महाराष्ट्रात या पदव्यांचे प्रवेशही नीटच्या गुणांवरून होत आले आहेत, पण एमबीबीएसपेक्षा बऱ्याच कमी गुणांवर जागा मिळते. म्हणून "नीट वाया गेली" असे म्हणण्याआधी ही यादी पाहा. लकवा झालेल्या माणसाला पुन्हा चालवणारे किंवा ऐकू न येणाऱ्या बाळाला बोलके करणारे हात याच अभ्यासक्रमांतून येतात.

३. *बीएस्सी नर्सिंग.* चार वर्षांची पदवी. महाराष्ट्रात यासाठी २०२३ पासून वेगळी सीईटी आहे. पुढे एमएस्सी नर्सिंग करून अतिदक्षता, बालरोग, मानसिक आरोग्य अशा शाखांत विशेष शिक्षण घेता येते.

४. *बीफार्म आणि फार्मडी.* बीफार्म चार वर्षांचे, फार्मडी आंतरवासितेसह सहा वर्षांचे. बीफार्मसाठी एमएचटी-सीईटी लागते आणि ती पीसीबी किंवा पीसीएम, कोणत्याही गटातून देता येते.

५. *तंत्रज्ञांच्या पदव्या.* प्रयोगशाळा, क्ष-किरण, शस्त्रक्रियागृह, डायलिसिस, नेत्रतपासणी. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा यातला ओळखीचा अभ्यासक्रम.

बीएस्सीनंतर उघडणारे मार्ग

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ. होय, साध्या बीएस्सीनंतरही आरोग्यसेवेत जाता येते. फक्त कोणत्या विषयातली बीएस्सी पुढे कुठे नेते, हे आधी माहीत हवे.

• *भौतिकशास्त्र → वैद्यकीय भौतिकी.* कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार द्यायचे ठरले की गाठीवर किती मात्रा पडेल आणि शेजारचा निरोगी अवयव कसा वाचेल, याचे गणित वैद्यकीय भौतिकी तज्ज्ञ करतात. एमएस्सी भौतिकशास्त्रानंतर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सारी भौतिकीची पदविका करता येते. ही वाट बारावीत जीवशास्त्र नसलेल्यांनाही खुली आहे, आणि आपल्याकडे ती फार थोड्यांना माहीत असते.

• *सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान → प्रयोगशाळा व संशोधन.* शिवाजी विद्यापीठात या विषयांचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. याशिवाय काही वैद्यकीय महाविद्यालयांत शरीरक्रियाशास्त्र, जैवरसायनशास्त्र अशा विषयांत तीन वर्षांची वैद्यकीय एमएस्सी असते. ती करणाऱ्यांना अध्यापन आणि संशोधन करता येते, रुग्णाला औषध लिहून देता येत नाही. हा फरक आधीच समजून घ्या.

• *गृहविज्ञान, अन्नशास्त्र व पोषण → आहारतज्ज्ञ.* पदवीनंतर आहारशास्त्रात एमएस्सी किंवा पदव्युत्तर पदविका, मग रुग्णालयात प्रत्यक्ष अनुभव. इंडियन डायटेटिक असोसिएशनच्या परीक्षेनंतर 'नोंदणीकृत आहारतज्ज्ञ' ही ओळख मिळते. आठवड्याभराचा ऑनलाइन कोर्स म्हणजे आहारतज्ज्ञाचे शिक्षण नव्हे.

• *मानसशास्त्र (बीए किंवा बीएस्सी) → चिकित्सा मानसशास्त्र.* इथे नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. नुसते एमए करून कोणी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होत नाही. परिषदेने मान्य केलेले आणि रुग्णांसोबत प्रत्यक्ष काम करून घेतलेले शिक्षण लागते. हे अभ्यासक्रम सध्या बदलत आहेत, म्हणून प्रवेशाच्या वर्षी परिषदेच्या संकेतस्थळावरची यादी पाहा.

• *संख्याशास्त्र → जैवसंख्याशास्त्र.* नवे औषध खरेच उपयोगी आहे का, साथ कुठे वाढते आहे, हे सांगणारे लोक.

• *कोणतीही पदवी → सार्वजनिक आरोग्य, रुग्णालय व्यवस्थापन.* मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण डॉक्टर नसलेल्यांनाही घेता येते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर आपल्या जिल्ह्यात पिण्याचे पाणी, लेप्टोस्पायरोसिस, डास, छावण्यांतले लसीकरण हे प्रश्न आपण पाहिले. ते सोडवणाऱ्यांत या शाखेची माणसे लागतात.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. बीएस्सीनंतर एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळत नाही. बीएस्सी झालेल्यांनाही नीट देऊनच पहिल्या वर्षात जावे लागते. नीटला सध्या कमाल वयाची अट नाही, त्यामुळे पदवीनंतरही परीक्षा देता येते. "बीएस्सी करा, पुढे आम्ही मेडिकलला घालतो" असे कोणी सांगत असेल तर तिथून उठा.

विषय निवडताना

*अकरावीत:* झेपत असेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. गणित सोडले की भौतिकशास्त्र-संख्याशास्त्राकडून जाणारे मार्ग अवघड होतात. जीवशास्त्र सोडले की नीट अडते. ज्यांनी बारावीला जीवशास्त्र घेतले नव्हते त्यांना ते अतिरिक्त विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून नंतर उत्तीर्ण करून नीट देता येते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तसा निर्णय दिला आहे. पण हा वळसा आहे, आणि त्यात वर्ष जाते.

*पदवीत:* नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयासोबत दुय्यम विषय घेता येतो. मुख्य विषय सूक्ष्मजीवशास्त्र असेल तर दुय्यम रसायनशास्त्र किंवा संख्याशास्त्र उपयोगी पडते. मुख्य विषय मानसशास्त्र असेल तर जीवशास्त्राची ओळख ठेवा. पुढे ज्या एमएस्सीला जायचे आहे तिची पात्रता पदवीच्या पहिल्याच वर्षी वाचून काढा. "बीएस्सीला रसायनशास्त्र असणे आवश्यक" ही ओळ तिसऱ्या वर्षी वाचून उपयोग नसतो.

*प्रात्यक्षिके चुकवू नका.* सूक्ष्मदर्शक जुळवणे, द्रावण अचूक मोजणे, निरीक्षण जसे दिसले तसे लिहिणे. अपेक्षित उत्तर येत नाही म्हणून वहीत आकडा 'बसवून' घ्यायची सवय कॉलेजात लागली, की ती पुढे रुग्णाच्या अहवालापर्यंत जाते.

*भाषेकडे दुर्लक्ष नको.* पुढची पुस्तके इंग्रजीत आहेत, पण रुग्ण मराठीत बोलतो. "छातीत कसंनुसं होतंय", "अंगात कणकण हाय", "डोकं हलकं झालंय" या प्रत्येक वाक्याचा अर्थ वेगळा. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातही रुग्णाशी कसे बोलावे, संमती कशी घ्यावी, वाईट बातमी कशी सांगावी हे शिकवणे बंधनकारक आहे.

*एकदा काम पाहून या.* सुट्टीत ओळखीच्या रुग्णालयात, रक्तपेढीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात परवानगी घेऊन चार दिवस बसू द्या. रक्त, वास, रडारड, वाट पाहणे, सगळे पाहिल्यावर काहींचा निश्चय पक्का होतो. काहींना आपला मार्ग हा नाही हे कळते. दोन्ही गोष्टी फी भरण्याआधी कळलेल्या बऱ्या.

परदेशी जाण्याचा विचार असेल तर

अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडून 'प्री-मेड' हा शब्द ऐकू येतो. ती स्वतंत्र पदवी नसते. तिथला विद्यार्थी चार वर्षांची कोणतीही पदवी घेतो, इतिहासाचीसुद्धा. पण त्यासोबत जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे विषय प्रयोगशाळेसह साधारण एकेक वर्ष शिकतो. मग एमकॅट ही प्रवेश परीक्षा देतो. २०१५ पासून तिच्यात मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचाही भाग आहे. त्यानंतर वैद्यकीय शिक्षणाची चार वर्षे. तिथे भौतिकोपचारही पदवीनंतरच शिकतात. आपली तीन वर्षांची बीएस्सी म्हणजे तिथले प्री-मेड, असे धरून चालू नका.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. काही देशांत, उदाहरणार्थ फिलिपिन्समध्ये, आधी बीएस पदवी आणि मग एमडी अशी रचना आहे. एजंट दोन्हींची वर्षे एकत्र मोजून दाखवतात. पण भारतात परतून डॉक्टर म्हणून काम करायचे असेल तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे नोव्हेंबर २०२१ चे नियम लागू होतात. मूळ वैद्यकीय अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, तो इंग्रजी माध्यमातून हवा आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता हवी. पायाच्या पदवीची वर्षे त्या ५४ महिन्यांत धरली जात नाहीत. शिवाय नीटची पात्रता आणि परत आल्यावरची परीक्षा आहेच. या एका नियमाकडे दुर्लक्ष झाले तर जमीन विकून घेतलेली पदवी इथे उपयोगाची राहत नाही.

फी भरण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

१. पदवी किंवा पदविका कोणत्या विद्यापीठाची किंवा मंडळाची? प्रमाणपत्रावर कोणाचे नाव असेल?
२. अभ्यासक्रमानंतर नोंदणी कुठे होणार? डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता, भौतिकोपचार तज्ज्ञ, तंत्रज्ञ यांच्यासाठी राज्यात वेगवेगळ्या परिषदा आहेत. तंत्रज्ञ आणि संलग्न व्यवसायांसाठी २०२१ च्या कायद्याने राष्ट्रीय आयोगही आला आहे. संस्था सांगेल त्यावर विसंबू नका, परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः नाव शोधा.
३. प्रात्यक्षिकासाठी कोणते रुग्णालय जोडलेले आहे? तिथे किती खाटा, किती रुग्ण? एकदा जाऊन पाहा.
४. एकूण फी किती? वसतिगृह, परीक्षा, गणवेश धरून लेखी मागा.
५. मागच्या दोन वर्षांतले विद्यार्थी आज कुठे काम करतात? त्यांच्याशी बोलता येईल का?

डीएमएलटीसारखे एकच नाव अनेक संस्था वापरतात. नाव सारखे असले तरी मान्यता सारखी असेलच असे नाही.

पैशांची अडचण असेल तर महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्ती पाहा. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ही त्यातली एक. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांतल्या मुलींसाठी राज्य सरकारने २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत जाहीर केली आहे. ती अभिमत आणि खासगी विद्यापीठांना लागू नाही, त्यामुळे आपले महाविद्यालय त्यात बसते का हे प्रवेशाआधी विचारा.

रिपीट करायचे की नाही?

एकदा पुन्हा प्रयत्न करणे गैर नाही. पण आधी मुलाशी शांतपणे बोला. मागच्या वर्षी नेमके कुठे अडले? भौतिकशास्त्र कच्चे राहिले, की आजारपण आले, की मनच लागत नव्हते? कारण सापडले असेल आणि त्यावर उपाय असेल तर वर्ष द्यावे. "शेजारच्याचा लागला म्हणून" वर्ष देऊ नये. आणि प्रयत्न करतानाच दुसरा पर्याय ठरवून ठेवावा. दुसरा पर्याय हाताशी असला की मूल निर्धास्तपणे अभ्यास करते, असा माझा अनुभव आहे.

या काळात पुढील गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त दिसल्या तर डॉक्टरांना भेटा:

• झोप न लागणे किंवा दिवसभर झोपून राहणे
• जेवण तुटणे, वजन उतरणे
• मित्रांशी, घरच्यांशी बोलणे बंद होणे
• छातीत धडधड, हातपाय गार पडणे, परीक्षेच्या नावाने उलटी होणे

"मी तुमच्यावर ओझं आहे", "माझा काही उपयोग नाही", "मी नसलेलाच बरा" अशी वाक्ये कानावर आली तर दोन आठवडे थांबू नका. मुलाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि मराठीत बोलता येते. जिवाला धोका वाटत असेल तर थेट जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या.

शेवटी

त्या काकांना मी एवढेच सांगितले: पुढच्या महिन्यात रक्तदाब तपासायला याल तेव्हा मुलीला बरोबर आणा. बारावीची गुणपत्रिका आणि नीटचा निकालही आणा. तिला कोणता विषय वाचताना वेळ कळत नाही, रुग्णाजवळ बसायला आवडते की यंत्राजवळ, की आकड्यांपाशी, हे आधी तिलाच विचारू. मग वरच्या यादीतला मार्ग निवडणे सोपे जाते.

तुमच्याही घरी हा प्रश्न असेल तर हा लेख मुलाच्या हातात द्या आणि शेजारी बसून वाचा. प्रवेशाचे नियम, परीक्षा आणि तारखा दरवर्षी बदलतात. म्हणून अर्ज भरताना राज्याचा सीईटी कक्ष, आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि संबंधित परिषद यांच्या अधिकृत संकेतस्थळांवर ताजी माहिती पाहून घ्या.